पैजेचं पोट

"…पण बाबा, आणखी किती दिवस उपाशी राहू?"

लतीफशा फकीर तुरीच्या शेंगा सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"राहा म्हणून कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. मीच ठरवलं."

"मग संपवायचं कधी, तेही तूच ठरव."

विचारणारा होता गजमल पाटील. तापीच्या एका काठाला लतीफशांचा तकिया, म्हणजे फकिराचं ठाणं, दुसऱ्या काठाला गजमलचं गाव. पन्नाशी ओलांडलेला, दारातून आत यायचं तर अंग तिरकं करावं लागणारा माणूस.

पंचक्रोशीत त्याचं नाव होतं ते खाण्यासाठी. लग्नात वरण-बट्टीची पंगत बसली की लोक आपलं पान सोडून गजमलभोवती उभे राहत. एक जण बट्ट्या मोजी, एक जण तूप ओती. पैज लागे. गजमल एकदाही हरला नव्हता.

पंगत नसेल त्या दिवशी सकाळी पोटात फक्त चहा. दुपारी बाजारात समोर येईल ते, तळलेलं, तिखट. रात्री मात्र दोन माणसांचं जेवण एकट्याने. वर्षानुवर्षं हेच.

मग पाय सुजू लागले. जेवून उठलं की डोळे मिटत आणि रात्री अंथरुणावर झोप येत नसे. खरी भूक शेवटची कधी लागली, ते त्याला आठवत नव्हतं. तालुक्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. साखर वाढलेली, यकृतावर चरबी. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या आणि सांगितलं, वेळेवर साधं जेवा, रोज चाला.

वेळेवर साधं जेवणं गजमलला कमीपणाचं वाटलं. त्याने अन्नच सोडलं. नुसतं लिंबूपाणी. आज होडीतून उतरून तकियापर्यंत येताना त्याला वाटेत दोनदा खाली बसावं लागलं होतं.

"गोळ्या घेतोस?" लतीफशांनी विचारलं.

"उपास धरला तेव्हाच सोडल्या."

"डॉक्टरांना विचारून?"

गजमल सुजलेले पाय चोळू लागला.

"आज जेव. उद्या त्यांच्याकडे जा आणि सगळं सांग."

"जेवता येणार नाही, बाबा."

"का?"

"पैज लागलीय."

शेंगा सोलणारे हात थांबले.

"पारावर सगळ्यांसमोर बोललो. महिनाभर अन्नाला शिवणार नाही म्हणून. आणि गजमल हरत नाही."

"मग कोण हरतं?"

"समोरचा."

"या वेळी समोर कोण आहे?"

लतीफशा उठले. चुलीजवळ झाकून ठेवलेली ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, पातळ डाळ आणि मुळ्याच्या पाल्याची भाजी त्यांनी थाळीत वाढली. थाळी गजमलपुढे ठेवली. मग त्याच्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून बसले.

बराच वेळ झाला. थाळी वाजली नाही.

"बाबा, इकडे बघा तरी."

"कशाला?"

"जेवताना समोर कोणी असलं की घास जातो."

"आणि नसलं की?"

"घरी रात्री सगळे झोपल्यावर खातो. तेव्हा काय खाल्लं ते कळतच नाही." त्याने भाकरीची कड चाचपली. "बाप माझ्याशी कधी धड बोलला नाही, बाबा. शाळेत नापास झालो, शेतात कामाचा नव्हतो. मामाच्या लग्नात पैज जिंकलो, तेव्हा सगळ्या मांडवासमोर म्हणाला, हा माझा पोरगा."

लतीफशांची पाठ हलली नाही.

"डाळ निवतेय," ते म्हणाले.

गजमलने भाकरीचा तुकडा मोडला. चावला. तकियात इतकी शांतता होती की त्याला स्वतःच्या चावण्याचा आवाज ऐकू आला. त्याला लाज वाटली. कसली, ते कळलं नाही. दुसरा तुकडा त्याने हळू चावला.

अर्धी भाकरी संपली.

"बास झालं का, बाबा?"

"माझ्या पाठीला डोळे नाहीत."

"मग मला कळणार कसं?"

"विचार."

"कोणाला?"

गजमल इकडेतिकडे बघत राहिला. शेवटी त्याने पोटावर हात ठेवला.

"काही कळत नाही," तो म्हणाला.

"इतकी वर्षं विचारलं नाहीस. आज विचारलंस की लगेच बोलेल होय?"

दुसऱ्या दिवशी गजमल डॉक्टरांकडे गेला. बोलणी खाल्ली. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. संध्याकाळी तो पारावर गेला आणि उभ्या उभ्या म्हणाला, "मी हरलो."

लोक हसले. एकाला वाटलं, ही नवी काहीतरी गंमत आहे.

घरी त्याची बायको कौतिकबाई सकाळी न्याहारी वाढू लागली. दुपारी भाकरी, भाजी, डाळ. रात्रीचं जेवण दिवेलागणीला. पहिले काही दिवस ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघायची. त्याने सांगितलं, "तू बघू नकोस. तूही बस." लग्नाला इतकी वर्षं झाली होती. ती त्याच्या शेजारी ताट घेऊन पहिल्यांदाच बसली.

जेवण झालं की तो नदीपर्यंत चालत जाई. सुरुवातीला अर्ध्या वाटेवरून परते.

पावसाळा सरला तेव्हा तो पुन्हा तकियात आला. चिडलेला होता.

"बाबा, काहीच होत नाही."

"भूक लागते?"

"सकाळी लागते. थोडी."

"झोप?"

"ती लागते."

"पायाची सूज?"

"उतरलीय."

"मग काय होत नाही?"

"पोट बघा ना. तसंच आहे. लोक विचारतात, गजमल, एवढं करून काय मिळालं?"

"लोकांना पोट बाहेरून दिसतं," लतीफशा म्हणाले. "तू तर आत राहतोस."

"पण कधी उतरेल?"

"वाढवायला किती वर्षं लागली? तेव्हा घाई नव्हती तुला."

गजमल धुसफुसत गेला. पण संध्याकाळचं चालणं त्याने चुकवलं नाही.

आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, मात्र तो घसरला. जावई आले होते, मेहुणे आले होते. आमरस आणि पुरणपोळीची ताटं मांडली होती. एका मेहुण्याने नुसतं म्हटलं, "आता पूर्वीचा गजमल राहिला नाही." बस्स. गजमलने बाह्या सरसावल्या. बाकीच्यांनी आपली ताटं सरकवली आणि भोवती जमले. कौतिकबाई उठून परसात निघून गेली.

रात्रभर त्याने ओकाऱ्या काढल्या. सकाळी ऊन चढायच्या आत तो तकियात हजर होता. चेहरा उतरलेला.

"सगळं घालवलं, बाबा."

"पाणी पी."

तो प्यायला.

"आजपासून कडक उपास धरतो. चार दिवस. नाही, आठ दिवस. शिक्षा पाहिजे मला."

"शिक्षा कोणाला?"

"मला."

"आणि भोगणार कोण?"

गजमलचा हात आपोआप पोटाकडे गेला.

"काल त्याला बुडवलंस. आज वाळवणार म्हणतोस. त्याने काय करावं?"

"मग मी काय करू?"

"पोट शांत झालं की पेज घे. मग रोजचं जेवण."

"एवढंच? जसं काही घडलंच नाही?"

"घडलं. काल घडलं."

गजमलला हे सोपं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. उपास त्याला याहून सोपा गेला असता. तरी तो घरी गेला. कौतिकबाईने पेज पुढे ठेवली. ती प्यायला त्याला फार वेळ लागला. मध्येच तो म्हणाला, "काल तू उठून गेलीस." ती म्हणाली, "बघवत नव्हतं."

त्यानंतर वर्ष गेलं, थोडं जास्तच. अंगरखे सैल झाले हे शिंप्याच्या आधी कौतिकबाईच्या लक्षात आलं. साखर खाली आली. डॉक्टरांनी गोळ्या कमी केल्या. गजमलने ते पारावर सांगितलं नाही.

एका लग्नात पंगतीला त्याच्या शेजारी पलीकडच्या वाडीतला एक तरणा बसला होता. नवा खाणारा. लोक त्याच्याभोवती जमले होते, कोणी मोजत होतं, कोणी तूप ओतत होतं. तरण्याचं लक्ष ताटाकडे नव्हतं. प्रत्येक बट्टीनंतर तो मान वर करून तोंडं बघत होता. गजमलकडे कोणी बघत नव्हतं. त्याला आत कुठेतरी दुखलं. भूक भागली तसा तो उठला, हात धुतले आणि मांडवाबाहेर आला.

तिथून तो होडीने तसाच तकियात गेला.

लतीफशा आता थकले होते. दोघांनी तकियातल्या शेळ्यांबद्दल बोलून घेतलं. नदीला पाणी कमी आहे म्हणाले. केळीच्या भावाचा विषय निघाला. फकिराने भाकरी पुढे केली. गजमल म्हणाला, "जेवून आलोय." लग्नाबद्दल तो बोलला नाही. ऊन कलेपर्यंत दोघं सावलीत बसून राहिले. बराच वेळ कोणीच काही बोलत नव्हतं, आणि त्याचं कोणाला काही वाटत नव्हतं.

होडीवाल्याने हाक मारली. गजमल उठला, नमस्कार केला, निघाला. दारातून सरळ बाहेर पडला, आणि उंबऱ्यापाशी वळला.

"बाबा… मी बरा झालो ना?"

लतीफशा हसले.

"आत्ता विचारेपर्यंत होतास."