ठिपकीचं फुगरं पान

एक होती ठिपकी. किड्याचं पिल्लू. एवढीशी, एवढीशी, तिळाहून एवढीशी!

तिचं होतं एक पान. सारजामावशीच्या अंगणातल्या जांभळीचं. कोवळं, लालचुटूक. त्यावर बसायचं, सोंड खुपसायची, रस प्यायचा. चुट् चुट् चुट्! मग पान फुगतं. फुगलं की ठिपकीचं घर होतं.

ठिपकी नुकती कुठे बसली होती. तेवढ्यात आली सारजामावशीची शेळी. मच मच मच! पान फस्त! ठिपकी पडली फांदीवर.

"अगं ए! माझं पान होतं ते!"

शेळी म्हणाली, "बें!" आणि गेली चालती. काय बाई उर्मट शेळी!

ठिपकी चिडली. लुटुलुटु लुटुलुटु निघाली.

"जांभळीबाई, जांभळीबाई, नवं पान दे.
शेळीनं पान खाल्लं,
माझं घर होईना.
एवढीशी असले म्हणून काय झालं?"

"नाही देत, जा! आधी मुळाला सांग, पाणी दे म्हणावं."

लुटुलुटु लुटुलुटु.

"मुळोबा, मुळोबा, पाणी दे.
झाड पान देईना,
माझं घर होईना.
एवढीशी असले म्हणून काय झालं?"

"नाही देत, जा! माती केवढी घट्ट! आधी तिला सांग, मऊ हो म्हणावं."

लुटुलुटु लुटुलुटु.

"मातीमाय, मातीमाय, मऊ हो.
मूळ पाणी देईना,
झाड पान देईना,
माझं घर होईना.
एवढीशी असले म्हणून काय झालं?"

"नाही होत, जा! आधी गांडुळाला सांग, उकर म्हणावं."

लुटुलुटु लुटुलुटु.

"गांडूळदादा, गांडूळदादा, उकर.
माती मऊ होईना,
मूळ पाणी देईना,
झाड पान देईना,
माझं घर होईना.
एवढीशी असले म्हणून काय झालं?"

"नाही उकरत, जा! पोटात कावळे ओरडताहेत. माझा खाऊ म्हणजे पाचोळा. तो सारजामावशी रोज झाडून नेते!"

पुन्हा सारजामावशी! शेळी तिची, झाडूपण तिचाच! ठिपकी अशी चिडली, अशी चिडली!

मावशी झाडत होती. सर्र सर्र! कडेवर पाचोळ्याची टोपली.

"मावशी, मावशी, पाचोळा ठेव.
गांडूळ माती उकरेना,
माती मऊ होईना,
मूळ पाणी देईना,
झाड पान देईना,
माझं घर होईना.
एवढीशी असले म्हणून काय झालं?"

मावशीला ऐकूच येईना. "अंगण कसं लख्ख हवं बाई!" सर्र सर्र!

ऐकत नाहीस? थांब! ठिपकी चढली पायावर. पायावरून पदरावर. पदरावरून थेट नाकात!

आ... आ... आक् छी!

ठिपकी उडाली. टोपली उलटी! पाचोळा सगळा जांभळीखाली!

"अगं बाई! सांडला की मेला. राहू दे आता तिथंच."

मग काय!
पाचोळा मिळाला, गांडूळदादा उकरू लागला.
गांडूळदादा उकरू लागला, माती मऊ झाली.
माती मऊ झाली, मुळानं पाणी दिलं.
मुळानं पाणी दिलं, झाडाला पान फुटलं. कोवळं, लालचुटूक!

ठिपकी बसली. चुट् चुट् चुट्! पान फुगलं, फुगलं, गोल गोल झालं. घर झालं!

तेवढ्यात शेळी आली. "बें!"

मावशी धावली. "हट्! नवं पान आहे ते! गवत खा तिकडं!"

शेळी गेली. आणि फुगऱ्या पानातून कोण ओरडलं?

"माझं घर आहे हे, माझं!
एवढीशी असले म्हणून काय झालं?"