घारीच्या पंखातली फट

पक्षी माणसांशी अजून बोलत होते आणि कॅमेरेही आले होते, त्या काळातली गोष्ट. विश्राम नावाच्या फोटोग्राफरने एका घारीचा उडतानाचा फोटो काढला आणि तिच्याच झाडाखाली लॅपटॉप उघडून तो साफ करायला बसला. घारीच्या उजव्या पंखात एक पीस नव्हतं. ती फट त्याने डावीकडचं पीस चिकटवून बुजवली. तिच्यामागे लागलेला कावळा पुसून टाकला. डोळा, चोच, नख्या अगदी धारदार केल्या.

"बघ, कशी राणी दिसतेस!" तो म्हणाला.

घार खालच्या फांदीवर उतरली आणि फोटो पाहून भडकली. "ती फट बुजवायला तुला सांगितलं कुणी? माझ्या पिल्लावर कावळा धावून आला, तेव्हा मी मध्ये पडले. त्याने उपटलंय ते पीस! आणि तू त्यालाच पुसलंस? म्हणजे त्याने काही केलंच नाही, आणि मीही काही केलं नाही?"

"अगं, पण बक्षीस मिळेल ना!"

घरट्यातून पिल्लू वाकून लॅपटॉपवरचा फोटो बघत होतं. आकाशात ती फट दिसली, की आई आली म्हणून ते रोज चोच उघडायचं. आज त्याची चोच मिटलेलीच राहिली.

"आई," त्याने विचारलं, "ही कोण गं?"