दर ठरला, की रक्कम?

आंबेखोल संस्थानात वीज आली तेव्हा सगळं गाव हरखून गेलं. दिवाण भार्गवपंतांनी दवंडी पिटवली, "युनिटला चार आणे, वर्षभर दर बदलणार नाही. दरमहा दोन रुपये भरत जा, वर्षअखेरीला मीटर बघून हिशेब करू."

बांगड्या विकणाऱ्या अनसूया कासारणीने बारा महिने न चुकता पैसे भरले. पण लेकीच्या बाळंतपणासाठी ती तिच्या सासरी गेल्यामुळे चार महिने घर बंदच होतं. वर्ष संपताच जादा गेलेले आठ रुपये मागायला ती दरबारात उभी राहिली.

"परत कसले?" दिवाण महाराजांसमोरच गरजले. "ठरलं म्हणजे ठरलं! वीज कमी जाळ नाहीतर जास्त, महिन्याचे दोन रुपये!"

अनसूयेचे डोळे चमकले. ती गर्दीकडे वळली. "ऐकलंत ना? कितीही जाळा, दोनच रुपये! मी आजपासून अंगणात पन्नास दिवे लावते, रात्रंदिवस!"

"मी माडीवर शंभर लावतो!" कुणीतरी ओरडलं, आणि दरबारात एकच कल्ला उडाला.

दिवाणांना घाम फुटला. "अहो, थांबा! जेवढे युनिट जाळाल तेवढे पैसे पडतील! ठरलाय तो दर, रक्कम नव्हे!"

"मग दिवाणसाहेब," अनसूयेने हात जोडले, "कमी जाळणारीला तो दर लागू नाही का?"

महाराज मोठ्याने हसले आणि म्हणाले, "खजिनदार, बाईंचे आठ रुपये मोजा."

दरबार सुटला तसा जो तो धावत घरी गेला, आपापला मीटर वाचायला!