वरचा दिवा

"आणि फोन वाजलाच नाही, तर?" बाबांनी विचारलं.

"तर सगळं ठीक आहे असं समजायचं," उन्मेष म्हणाला. "वाजला तरच काळजी."

"शनिवारी आलास तेव्हापासून तुझा फोन वाजलेला मी ऐकला नाही. तरी तू काळजीतच दिसतोस."

उन्मेष भागवत नाशिकचा. कॉम्प्युटरच्या कामात मुरलेला माणूस, आणि तसं तो स्वतःच्या तोंडाने सांगायलाही कचरत नसे. मन थाऱ्यावर यावं म्हणून तो या टेकडीवरच्या लहानशा मठात आला होता. पण मन खिशात फोनपाशी ठेवूनच आला होता, त्याला कोण काय करणार?

बाबा म्हणजे शंभूपुरी, मठाचे महंत. वय झालेलं, बोलणं मोजकं. मोबाईल त्यांनी कधी हातात धरला नव्हता, पण ऐकून घ्यायला त्यांची ना नसे.

"पुन्हा एकदा सांग. पेट्या किती?"

"तीन. एक माझ्या घरी, एक सांगलीला बहिणीकडे, एक कराडला सासऱ्यांकडे. प्रत्येकीत हार्ड डिस्क. तिन्हींत तेच ठेवलेलं. एक गेली तर दुसरी असावी."

"जातात का?"

"कधी ना कधी जातेच. पण आधी लक्षणं दाखवते. तापते, अडखळते, वाचताना चुका करते. तिन्ही घरांतली ही लक्षणं कराडच्या पेटीत गोळा होतात. तीच सगळ्यांवर नजर ठेवते आणि इंटरनेटवरच्या एका पानावर खबर टाकते. ठीक असेल तर माझ्या फोनवर तीन हिरवे ठिपके. कुठे काही बिघडलं तर ती फोन वाजवते." तो सरसावून बसला. "घरच्या घरी एवढं कुणी केलेलं मी तरी पाहिलं नाही, बाबा."

"चांगलं केलंस. आणि पेट्यांत काय आहे?"

उन्मेषने चटईची काडी नखाने उकरली.

"मृदुलाचा आवाज," तो म्हणाला.

मृदुला त्याची बायको. अंधशाळेतल्या मुलांसाठी ती पुस्तकं मोठ्याने वाचून रेकॉर्ड करायची. शाळेकडे गेलं ते सगळं साफसूफ केलेलं. मूळ रेकॉर्डिंग मात्र उन्मेषने तसंच ठेवलं होतं. त्यात तिचा खोकला होता, कुकरच्या शिट्ट्या होत्या, आणि वाचता वाचता मधेच "उन्मेष, जरा दार लाव रे" असंही होतं. तिला जाऊन दोन वर्षं होत आली होती.

गेल्या महिन्यात नाशिकची डिस्क बंद पडली. नवी बसवली, पण कराडहून तिच्यात सगळं उतरवून घेणं अजून चाललंच होतं. सांगलीची डिस्क जुनी, तिचं खरं नाही. म्हणजे भरवशाचा असा तो आवाज आता एकट्या कराडलाच उरला होता.

"ऐकतोस कधी?" बाबांनी विचारलं.

"नाही... धीर होत नाही. पण ते असायला हवं."

बाहेर ऊन उतरलं होतं.

"मी पूजेला बसतो," ते उठत म्हणाले. "दिवा तुझ्याकडे आहे ना?"

"हो बाबा."

मठात येईल त्याला काहीतरी काम असेच. उन्मेषकडे दिव्याचं आलं होतं. मठाच्या ओट्यावर, कड्याच्या बाजूला एक कोनाडा होता, तिथे तिन्हीसांजेला कंदील लावून ठेवायचा. खाली नदीकाठच्या झोपडीत बाबांचे गुरुबंधू राहत. कित्येक वर्षं त्यांचं मौन होतं, म्हणून सगळे त्यांना मौनी म्हणत. वरचा दिवा दिसला की मौनी आपला दिवा लावत. बस, एवढंच. ना हाक, ना निरोप. पहिल्या संध्याकाळी उन्मेषला ते फार गोड वाटलं होतं, आणि त्याने फोटोही काढला होता.

मठात रेंज नव्हती. मागच्या खडकावर चढलं की जेमतेम यायची.

एकदा बघून येऊ आणि मग दिवा लावू, असं म्हणून उन्मेष खडकावर गेला. ठिपक्यांचं पान उघडेना. त्याने फोन वर धरला, डावीकडे धरला, स्वतः गोल फिरून पाहिलं. कराडची डिस्क आत्ता या क्षणी गेली असेल तर? गरगर, गरगर, आणि मग एकदाचे तीन हिरवे ठिपके उमटले.

हुश्श करून तो तिथेच टेकला. जीव भांड्यात पडला की माणसाला पुढचं काही सुचत नाही, तसं त्याचं झालं. खाली उतरला तेव्हा चांगलंच अंधारलं होतं.

बाबा ओट्यावर उभे होते. हातात काठी आणि बॅटरी. नजर खाली नदीकडे.

"लावलाच नाहीस?"

"जरा उशीर झाला. आत्ता लावतो."

"आता राहू दे. खालचाही लागलेला नाही."

"आपला दिसला नाही म्हणून त्यांनीही लावला नसेल."

"म्हणून तर," बाबा म्हणाले, आणि पायवाटेने उतरायला लागले.

उन्मेषला खरं तर रागच आला. एका कंदिलापायी या वयात या माणसाने अंधारात कडा उतरायचा? पण एकट्याला सोडता येईना. तो मागोमाग निघाला. वाट घसरडी होती. बाबांची काठी प्रत्येक दगड चाचपत होती, आणि आज यांना काही झालं तर ते माझ्यामुळे, हे त्याला पुरतं कळून चुकलं होतं.

निम्म्या वाटेवर खालून दगड गडगडल्याचा आवाज आला.

बाबांनी बॅटरी वळवली.

मौनी वाटेतच बसले होते. एका पायातली वहाण गेलेली, दोन्ही गुडघे फुटलेले, छातीचा भाता नुसता वरखाली होत होता. उजेड कुणाचा ते त्यांना आधी कळलं नाही. मग त्यांनी दोन्ही हात पुढे केले. बाबा त्यांच्यासमोर बसले. मौनींनी त्यांचा चेहरा चाचपला, कपाळ, गाल, आणि शेवटी नाकाशी बोटं धरून श्वास पाहिला.

मग ते मान खाली घालून रडायला लागले. तेही मुक्यानेच.

त्यांच्या झोळीतून एक तांब्याची कुपी घरंगळली. उन्मेषने ती उचलली. झोळीत तुळशीची पानं होती. कुपीत काय असणार हे विचारायची गरज नव्हती. जाणाऱ्याच्या तोंडात घालायचं गंगेचं पाणी घेऊन हा म्हातारा चढत आला होता.

"मौनीबाबा, माझी चूक झाली," उन्मेष म्हणाला. "मी विसरलो, एवढंच. बाबांना काही झालं नव्हतं. सगळं ठीक होतं."

"हे त्याला कुठून कळणार?" बाबा म्हणाले.

त्यांनी उन्मेषच्या हातातून कुपी घेतली, बूच काढलं, आणि त्या पाण्याने मौनींचे गुडघे धुवायला लागले.

उन्मेष बघत राहिला. दिवा नाही दिसला, म्हणजे निघायचं... आणि आपण? आपण फोन वाजत नाही म्हणून बसून राहिलो होतो.

त्याने फोन काढला. वाटेच्या या वळणावर समोर गाव होतं आणि रेंज भरपूर होती. तरी ठिपके तसेच, हिरवेगार. त्यांच्याखाली बारीक अक्षरांत आणखी एक ओळ होती. ती दाखवायची सोय त्याने स्वतःच केली होती आणि कधी वाचली नव्हती. शेवटची खबर, शनिवार.

आज मंगळवार होता. म्हणजे तीन दिवस कराडच्या पेटीने काहीच कळवलं नव्हतं. ठिपके हिरवे होते, कारण ते पुसायला कुणी उरलंच नव्हतं.

त्याने कराडला फोन लावला. घंटा वाजत राहिली. पहिल्या वर्षश्राद्धानंतर आपण अण्णांशी, मृदुलाच्या वडिलांशी, बोललोच नाही, हे त्याला त्या घंटेत आठवलं. म्हातारा घरात एकटा असतो. घंटा वाजतच राहिली. पेटीचं राहू दे, आधी फोन उचला, असं त्याच्या मनात आलं.

"हॅलो... कोण?"

"अण्णा, मी उन्मेष. ती पेटी..."

"बंद आहे रे ती. शनिवारी जळका वास यायला लागला. मी आपलं बटण बंद केलं."

"मग मला सांगितलं का नाहीत?"

"तुला तिकडे सगळं दिसतं ना? म्हटलं, कळलंच असेल. तुझा फोन आला नाही, म्हणजे ठीकच असेल सगळं."

उन्मेष वाटेतल्या एका दगडावर टेकला.

"मी दर शनिवारी तिचं वाचलेलं ऐकतो," अण्णा म्हणाले. "तुला विचारलं नाही, चुकलंच माझं. या वेळी अर्ध्यावर राहिलं. ती मधेच तुला दार लावायला सांगते बघ, तिथवर आलो होतो."

"अण्णा, वास पेटीला होता की वायरीच्या ठोकळ्याला?"

"ते मला काय कळतंय? पुन्हा चालू करायला हात धजत नाही. तीही गेली तर..." अण्णा थांबले. "तू बरा आहेस ना? फोन नसतो तुझा, म्हणून विचारतो."

"बरा आहे," उन्मेष म्हणाला. "मी येतो, अण्णा. तोवर हात लावू नका."

त्याने फोन ठेवला. डिस्क वाचली की गेली, हे पेटी उघडल्याशिवाय कळणार नव्हतं.

बाबा उपरण्याची पट्टी फाडून मौनींच्या गुडघ्याला बांधत होते.

"बाबा, उद्या पहिल्या गाडीने कराडला जातो," उन्मेष घाईघाईने बोलायला लागला. "वाचलं असेल तर सगळंच बदलून टाकतो. प्रत्येक पेटीने रोज ठरल्या वेळी बोललंच पाहिजे. गप्प राहिली, की तिथे काहीतरी झालंय असं धरायचं. आणि नजर ठेवणाऱ्या पेटीवर नजर ठेवायला दुसरी पेटी. यापुढे असं होणार नाही. अण्णांच्या घरातलं सगळं मला तिथल्या तिथे दिसेल."

बाबांनी गाठ मारली. ती घट्ट बसली की नाही ते बोटाने पाहिलं.

"दिसेल ना, बाबा?"

"तुला दिसेल," बाबा म्हणाले. "अण्णांना तुझा दिवा कुठून दिसतो?"