चांदीचा पान्हा

"कास बिघडली म्हनं! त्या सुईवाल्या ढोरडाक्टरला काय कळतंय?" म्हातारी गेंदी म्हैस मालकिणीवर, तानूबाईवर भडकली. तवाच्या म्हशी अशा तोंडावर बोलायच्या. गेंदीची लेक चांदी दूध देईना, म्हनून तानूबाई तिला उद्या बाजारात न्यायला निघाली हुती.

"गव्हाणीपाशी कुत्रं बांधलंस तू. ते भुंकलं की ही दचकती. दचकली की झोप जाती, झोप गेली की वैरण गोड लागत न्हाई. त्यात रेडकू डोळ्याआड. मग पान्हा फुटंल कुठनं? आतलं समदं एकाच दाव्याला बांधलेलं अस्तंय, बाई."

तानूबाई आ वासून बघत राह्यली. बारा वरसं ह्या गेंदीची धार काढली, पन ह्या काळ्या कातड्यात एवढी अक्कल हाय, हे तिला ठावंच नव्हतं.

"बघतीस काय? कुत्रं हलव, रेडकू आन."