मुठीतलं बूच

फार वर्षांपूर्वी एका खाडीच्या काठी माडाच्या झापांचा एक मोठा मांडव होता आणि त्या मांडवात होड्या तयार होत. मांडवाची मालकीण होती एक काकी. तिच्या हाताखाली तिघे जण. सुतार होडी बांधायचा, पारखी ती पारखायचा आणि तांडेल ती पाण्यात लोटून ज्याची त्याला नेऊन द्यायचा. निदान लोक तसं म्हणत. खरं तर तिघेही सगळंच करायचे. पारखी रंधा मारायचा, सुतार वल्हं मारायचा, तांडेल फळ्यांच्या फटींत कापूस आणि राळ भरायचा. हे काम कोणाचं, असं कोणी विचारलं की तिघे एका सुरात म्हणत, "आपलंच की." आणि याचा त्यांना कोण अभिमान.

होडी पारखायची तिथली एक रीत होती. होडी जमिनीवरच टेकूंवर ठेवायची आणि तिच्यात काठोकाठ पाणी भरायचं. आतलं पाणी बाहेर झिरपलं नाही, तर बाहेरचंही आत येणार नाही. मग तळाच्या भोकातलं लाकडी बूच काढून पाणी सोडून द्यायचं. पारख्याचा जीव या कामात होता. भरलेल्या होडीखाली तो उताणा शिरायचा, एकेका फळीवरून बोट फिरवायचा आणि बोट कोरडं राहिलं की त्याला पोटभर जेवल्याचं समाधान मिळायचं.

एकदा पलीकडच्या गावच्या खोतांनी एक होडी करायला सांगितली. होडी झाली, पारखून झाली, नारळ फुटला. खोत नवं उपरणं घेऊन ऐटीत होडीत बसले. तांडेलाने होडी लोटली. ती थोडी पुढे गेली नाही तोच खोतांचे पाय ओले झाले, मग धोतर, मग नवं उपरणं. पाणी कमरेइतकंच होतं म्हणून निभावलं. खोत चालत काठावर आले. इकडे मांडवात एका ओंडक्यावर होडीचं बूच कोरडं ठणठणीत बसलं होतं.

"पुनवेला दुसरी होडी द्या," उपरणं पिळत खोत म्हणाले. "त्या भरतीला ती माझ्या गावी लागली नाही, तर पुढच्या होड्या मी दुसरीकडून घेईन."

खोत गेले आणि मांडवात भांडण जुंपलं.

"मी बूच घडवलं, नीट बसवलं," सुतार म्हणाला. "काढलं कोणी?"

"पाणी सोडायला मी काढलं," पारखी म्हणाला. "पण लोटणाऱ्याने लोटण्याआधी बघू नये?"

"पारखलेली होडी माझ्या हाती आली. तिच्यात परत मी काय बघायचं?" तांडेल तापला. "काकी, नुसतं बघायला माणूस ठेवायचा कशाला? ह्याला घरी बसवा."

पारख्याला दुसरं काम आवडत नव्हतं आणि खरं सांगायचं तर फारसं जमतही नव्हतं.

काकी शांतपणे म्हणाली, "चूक कोणाची ते राहू दे. बूच कोणाचं होतं, ते सांगा."

सवयीने तिघांच्याही तोंडून निघालं, "आपलंच की." आणि मग तिघांनीही जीभ चावली.

"बारभाईचा कारभार झालाय," काकी म्हणाली. "आजपासून फळ्या आणि सांधे सुताराचे. गळती बघायची पारख्याने. वल्ही, दोर, खुंट्या, पाण्यावरचं सगळं तांडेलाचं. आणि बूच राहील पारख्याच्या मुठीत. होडी जायला हरकत नाही असं त्याला वाटलं की त्याने ते तांडेलाच्या हातावर ठेवायचं आणि तांडेलाने ठोकून बसवायचं. हातावर बूच नाही, तर होडी हलायची नाही. ही होडी नीट गेली, की कोणाला घरी बसवायचं ते बघू."

काम सुरळीत चालू लागलं. सुताराला रंधा सोडून धावावं लागेना, त्याचे सांधे आणखी सफाईदार झाले. फक्त एक नवी खोड लागली. काहीही विचारलं की उत्तर यायचं, "ते माझ्याकडे नाही."

पुनव आली. खाडी तुडुंब भरली. खोत या खेपेला जुनं धोतर नेसून आले होते. पारख्याने बोट फिरवलं, ते कोरडं राहिलं. त्याने पाणी सोडलं आणि बूच घेऊन तो तांडेलाकडे निघाला. वाटेत त्याची नजर वल्हं अडकवायच्या खुंटीवर गेली. खुंटीला बारीक चीर होती.

खुंटी तांडेलाची. पारख्याला वाटलं, मी कशाला बोलू? मोडू दे भर खाडीत, मग कळेल घरी कोणी बसायचं ते. माणूसच तो, त्या विचाराने त्याला घडीभर बरंही वाटलं. शिवाय आत्ता थांबवलं आणि भरती चुकली, तर बोल त्यालाच लागणार. पण ओहोटीच्या ओढीत एका वल्ह्याची होडी समुद्राकडे जाते, हे खाडीवरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

तांडेलाने हात पुढे केला. पारख्याने मूठ उघडली नाही.

"तांडेलदादा, ती खुंटी बघ."

"खुंटी माझ्याकडे आहे," तांडेल म्हणाला. "तू तुझं बघ."

"तुझ्याकडेच आहे, म्हणून तुला सांगतोय. मी हात लावत नाही. पण बूच मी आत्ता देणार नाही."

"भरती थांबायची नाही तुमच्यासाठी," खोत ओरडले.

तांडेलाने रागाने खुंटी हिसडली आणि ती कटकन त्याच्या हातात आली. मग त्याने सुताराला हाक मारली, "बाबा रे, चूक माझी. एक चांगली खुंटी घडवून दे." सुतार आधीच बाभळीचं लाकूड शोधायला वळला होता.

नवी खुंटी बसली तेव्हा भरतीचं शेवटचं पाणी उरलं होतं. पारख्याने मूठ उघडली. बूच घामाने ओलं झालं होतं. तांडेलाने ते ठोकून बसवलं, होडी लोटली आणि उडी मारून चढता चढता मागे वळून म्हणाला, "उद्या लवकर ये. दुसरी होडी पारखायची आहे."

पारखी काठावर उभा राहून हसला. त्या दिवशी त्याला न जेवताच पोट भरल्यासारखं वाटलं.

होडी पलीकडे सुखरूप लागली. खोत मात्र वाटभर टाच बुचावर दाबून बसले होते. ते काम त्यांना कोणीही दिलेलं नव्हतं.

तात्पर्य: कामं वाटून घ्यावीत, म्हणजे जबाबदारी हरवत नाही; काळजी मात्र वाटायची नसते, ती ज्याने त्याने पुरी घ्यायची असते.