सोलकढीच्या बाटलीखालची गॅरंटी

बाईमाणसाला यंत्रातलं काय कळतं, असं धरून चालणाऱ्यांनो, तुम्हीच गिऱ्हाइकांना फसवता!

कुडाळची हर्षदा घरी सोलकढी करून विकते. गार बाटलीला घाम सुटून लेबलावरची शाई पसरली, तर हॉटेलची ऑर्डर जाणार. म्हणून तिने बांदेकरशेठच्या दुकानात लेझर प्रिंटर मागितला.

"घरी लेझर कशाला, ताई? आमच्या इंकजेटची शाई पाण्यानेही हलत नाही!" बांदेकरशेठ हसले.

हर्षदा म्हणाली, "मग हीच गॅरंटी त्या इंकजेटवर छापून द्या."

शेठनी ऐटीत गॅरंटी छापून कागद पुढे ठेवला. तिने पिशवीतली घामेजलेली बाटली त्यावर ठेवली आणि जरा वेळाने उचलली. गॅरंटीच्या जागी निळसर डाग होता.

मागे नुकत्याच घेतलेल्या इंकजेटचा खोका धरून उभे असलेले तुळसकर गुरुजी म्हणाले, "शेठ, हा परत घ्या. ताईंना दाखवाल तोच मला दाखवा."